‘उन्हाळ्यात नॉइज दुप्पट होतो’ म्हणे!

जळगाव-धुळ्याकडे सौरपंप दुरुस्त करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “कंट्रोलरवर करंटचा आकडा नाचतोय? पॅनल थंड ठेवा, आपल्या उन्हाळ्यात नॉइज दुप्पट होतो. शंट मोठा लावा, गेन वाढवा, ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटला 100 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर टाका.”

शंट म्हणजे करंट मोजण्यासाठी त्याच्या वाटेत लावलेला छोटा रोध. त्यावरचं इवलंसं व्होल्टेज ऑप-अ‍ॅम्प ही चिप मोठं करते, किती पट ते गेन. त्यात मिसळलेली विद्युत खरखर म्हणजे नॉइज.

आधी उन्हाचं बघू. थर्मल नॉइज, म्हणजे रोधात उष्णतेमुळे होणारा नॉइज, वाढतो तो केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे. 27 अंशांवरचं पॅनल (सोलरचं नव्हे, कंट्रोलरची पेटी) 47 वर गेलं, म्हणजे 300 केल्विनचे 320 झाले. नॉइज वाढला जेमतेम 3 टक्के. दुप्पट व्हायला 1200 केल्विन लागतील. भुसावळचा मे महिना कितीही भाजला तरी तिथवर जात नाही! त्यातही 1 मिलिओहमच्या शंटचा थर्मल नॉइज एलएम358 या ऑप-अ‍ॅम्पच्या स्वतःच्या नॉइजपेक्षा हजारो पट कमी.

उन्हात आकडा सरकतो, हे मात्र खरं. पण सरकणं वेगळं, नाचणं वेगळं. सेन्सच्या, म्हणजे शंटवरचं व्होल्टेज नेणाऱ्या, तारा शंटच्या पॅडवरून (त्याच्या जोडावरून) न घेता बोर्डावरच्या पुढच्या ट्रॅकवरून घेतल्या, की मधलं तांबंही मोजलं जातं, आणि तांब्याचा रोध 20 अंशांत सुमारे 8 टक्के वाढतो. त्यावर पंखा म्हणजे रोग रेड्याला, औषध पखालीला.

मोठा शंट? 10 अँपिअरला 1 मिलिओहमवर 0.1 वॅट उष्णता होते, 100 मिलिओहमवर 10 वॅट. पॅनल थंड ठेवायचं म्हणे, आणि आत शेगडी पेटवायची.

गेनचा सल्ला अर्धा बरोबर आहे. व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या 5 व्होल्टच्या 10 बिट एडीसीची एक पायरी जवळपास 4.9 मिलिव्होल्टची, त्यामुळे शंटचे 10 मिलिव्होल्ट थेट दिले तर दोनच पायऱ्या मिळतात. गेन 50 ठेवला की शंभर. मात्र शंटच्या तारांत शिरलेला नॉइजही तितकाच मोठा होतो, आणि त्याच्यावर गेन वाढवून उपाय होत नाही.

कॅपॅसिटर थेट आउटपुटला लावला तर ऑप-अ‍ॅम्पच ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे त्याचं आउटपुट आपोआप हेलकावे घेऊ लागतं. मध्ये 1 किलोओहमचा रोध टाकला तर 0.1 सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट येतो, म्हणजे आकडा बदलायला साधारण तेवढा वेळ लागतो. ओव्हरकरंट ट्रिपला, म्हणजे करंट जास्त झाला की पंप बंद करण्याला, तो फार उशीर.

अशा कंट्रोलरमध्ये मी पहिला संशय घेतो तो मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरच्या स्विचिंगवर, म्हणजे त्यातले स्विच झपाट्याने चालू-बंद होण्यावर. सेन्सच्या दोन्ही तारा शंटच्या पॅडपासूनच पीळ घालून आणा, मोटरच्या केबलपासून लांब ठेवा, आणि एडीसीचं सॅम्पल स्विच चालू-बंद होतानाच्या क्षणी न घेता दोन स्विचिंगच्या मधोमध घ्या.