कान बघितलास काय त्याचा?

मुंबईत एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, शिकायला निघालेल्या माणसाची पहिली लढत मध्य रेल्वेशी असते. नावाजलेल्या जिम बघाव्यात तर अंधेरी, वांद्रे, खार, लोअर परळ. मी राहते ठाण्यात. सातची बॅच गाठायची म्हणजे घाटकोपरला उतरायचं, मेट्रोच्या जिन्यावर घुसायचं, आणि अंधेरी येईपर्यंत वॉर्मअप, ग्रॅपलिंग म्हणजे धरपकड, आणि थोडंफार स्ट्रायकिंग म्हणजे ठोसेबाजी, सगळं फुकटात उरकलेलं असतं. त्यावर आणखी महिन्याला पाच हजार कशाला मोजायचे, असा नवऱ्याचा सवाल. नवरा अकाउंट्समध्ये आहे.

मुळात चाळिशीत हे खूळ कशाला, तर झुंबाचा कंटाळा आला होता, सोसायटीतल्या बायका पिकलबॉलकडे वळल्या होत्या आणि मला अगदी मनापासून कुणाला तरी पाडायचं होतं. कुणाला ते विचारू नका, नोकरी अजून चालू आहे.

घरातून पाठिंबा मिळाला तो फक्त सासूबाईंचा. त्या कोल्हापूरच्या, वडील तालमीतले. बायकांना तालमीत प्रवेश नव्हता, त्यामुळे त्यांची मजल दुधाची कासंडी घेऊन उंबऱ्यापर्यंत. पण घरात जेवताना कुस्तीखेरीज दुसरा विषय नसे. खासबागेत कुणी कुणाला कुठल्या डावावर चीत केलं, हे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ आहे.

"एमएमए म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं.

कुस्ती, बॉक्सिंग, लाथा, गळा आवळणं, सगळं एकत्र, असं मी सांगितलं.

"म्हणजे भांडणच की. वस्ताद कोण हाय?"

पहिली जिम मॉलच्या वरच्या मजल्यावर होती आणि तिथे वस्ताद नव्हता, काउन्सिलर होती. गार पाण्याची बाटली हातात देऊन तिने विचारलं, "मॅम, तुमचं गोल काय आहे?" मी म्हटलं, "पाडणं." तिने टॅबवर 'टोनिंग' टाइप केलं. मधोमध जांभळ्या दिव्यांखाली काळ्या जाळीचा अष्टकोनी पिंजरा उभा होता. इतका स्वच्छ पिंजरा मी राणीच्या बागेतही पाहिला नाही. त्यात फक्त फोटो काढले जात होते. क्लास बाहेर, आरशासमोर. पंजाबी गाणं, हेडसेटवाला ट्रेनर, "जॅब, क्रॉस अँड स्माइल!" तासाभरात कुणी कुणाला बोटही लावलं नाही. निघताना कळलं, की वार्षिक पॅकेजवर घसघशीत सूट आहे, पण फक्त आजच्या दिवस. तो 'आज' पुढे कित्येक आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर उगवत राहिला.

घरी आल्यावर सासूबाईंनी पॅकेज विचारलं नाही. म्हणाल्या, "कान बघितलास काय त्याचा?"

कान? हेडसेट होता, एवढंच मी सांगू शकले. मग मला कानाचं शास्त्र समजलं. कुस्तीत डोक्याला डोकं घासून घासून कानाच्या वरच्या कडक भागात रक्त साकळतं. वेळीच काढलं नाही तर तिथेच घट्ट होतं आणि कान कायमचा वाकडातिकडा होऊन बसतो. ज्याचा कान लग्नातल्या फोटोसारखा तस्साच आहे, त्याने माणसं अंगावर घेतलेली नाहीत, असा त्यांचा हिशेब. इंग्रजीत या कानाला फुलकोबी म्हणतात हे ऐकून त्या हसल्या. त्यानंतर मी जिथे जिथे गेले, तिथे नमस्काराच्या आधी माझी नजर कोचच्या कानाकडे जायची. त्यातून एकदोन ठिकाणी गैरसमज झाले, पण ते असो.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात मात्र कान सापडले. कोचचा डावा कान सुकत घातलेल्या आमसुलासारखा मिटलेला. मी मनात हात जोडले. जिना चढतानाच वास आला होता, पण खऱ्या विद्येला वास असायचाच, असं स्वतःला बजावलं. मॅटच्या सांध्यांवर चिकटपट्ट्या, त्यांच्याही कडा निघालेल्या. एका मुलाच्या दंडावर लाल, गोल, कडेने खवल्या असलेला चट्टा. "मॅट बर्न आहे," तो म्हणाला. मॅटवर घासून गोल बर्न कसा होईल? गजकर्ण ओळखायला स्पेशालिस्ट लागत नाही आणि अशा मॅटवर ते एका अंगावरून दुसऱ्या अंगावर विनातिकीट प्रवास करतं. पोरं तर तिथेच अनवाणी संडासात जाऊन परत मॅटवर येत होती.

तरीही मी थांबले. कोचने नाव विचारलं, वजन विचारलं नाही. गुडघा, कंबर, बीपी, काही नाही. "चला, लाइट रोल करू," म्हणजे हलकी झटापट, असं म्हणून एका इंजिनिअरिंगच्या पोराशी जोड लावून दिली. पोरगा सहज पंच्याऐंशी किलोचा. लाइट म्हणजे नेमकं किती, याचं मोजमाप त्या गाळ्यात कुणाकडेच नव्हतं. "आंटी, रिलॅक्स," असं प्रेमाने म्हणून तो माझ्या छातीवर बसला. मी ताबडतोब मॅटवर हात आपटला, म्हणजे हार मानली. तो गोंधळला. "आंटी, मी अजून काही केलंच नाही!"

इथे मला आर्ट जिमरसनची आठवण काढायला हवी. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे पिंजऱ्यातल्या लढतींची स्पर्धा, झाली, तेव्हा हा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला. समोर पांढऱ्या झग्यातला सडपातळ रॉइस ग्रेसी. ग्रेसीने त्याला खाली घेतलं, अंगावर बसला, आणि जिमरसनने हार मानली. हात पिरगाळलेला नाही, गळा धरलेला नाही, नुसता बसल्यावर. ग्रेसीने त्या एका रात्रीत तिघांना हरवलं आणि जगभरच्या जिमना धंदा मिळाला. जिमरसनला मात्र लोक आजही हसतात. मी हसत नाही. छातीवर कुणी बसलं, की पुढचं सगळं माणसाला आपोआप दिसायला लागतं.

"कान हुते की त्याला," मी घरी कुरकुरले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पण जोड बघून लावायची अक्कल न्हाई. आमच्यात फडावर पैलवान हातात हात देऊन आधी तोलून बघत्यात." बरगडीवर हळद-तुरटीचा लेप लावता लावता त्यांनी नवी अट घातली. "पाडायच्या आधी पडायला शिकवतो काय, ते विचार."

मग एक ज्युजित्सूवाले, म्हणजे जमिनीवर लोळून गळे-सांधे आवळायला शिकवणारे, पाहिले. हे एमएमएचं निम्मंच अंग, पण सोवळं कडक. भिंतीवर फोटोंची वंशावळ. मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्युदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, त्याने कार्लोस ग्रेसीला शिकवलं, तिथून शिष्य, प्रशिष्य, आणि शेवटच्या फोटोत आमचे गोरेगावचे सर. गाण्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. घराणं विचारल्यावर त्यांचा चेहरा खुलला तो तासभर मिटला नाही. पट्टे पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. काळ्यापर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं. म्हणजे माझा पट्टा आणि आमचं गृहकर्ज एकदमच सुटणार. शिवाय गोरेगाव. ठाण्याहून घोडबंदरमार्गे गोरेगावला कामाच्या दिवशी सातला पोचणारा माणूस मला दाखवा, मी त्याच्याकडेच शिकेन.

या काळात सासूबाई यूएफसी बघायला लागल्या. भारतातून तिथे पहिला करार झालेला भारत खंडारे मूळचा कुस्तीतला, हे मी त्यांना कौतुकाने सांगितलं. २०१७ मध्ये शांघायला लढला.

"जिंकला काय?"

"नाही. पहिल्याच फेरीत गळ्याला मिठी बसली."

त्या बराच वेळ हळहळल्या. "मान दिलीच कशाला पोरानं?" पुढे दोन दिवस भाजी निवडताना त्यांच्या तोंडी तेच.

शेवटी जिम सापडली ती ठाण्यातच, हार्डवेअरच्या दुकानावर. नाव असं, की मी ती यादीतून सगळ्यात आधी वगळली होती. गेले तेव्हा एक माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बादलीत जंतुनाशक घालून मॅट पुसत होता. "कोच कुठे आहेत?" मी विचारलं. तोच कोच होता. उजवा कान पुरता मोडलेला, डावा निम्मा. मी न विचारता त्याने माझे दोन्ही हात पुढे करायला लावून नखं बघितली. प्राथमिक शाळेनंतर हे कुणी केलं नव्हतं. जुनी दुखणी विचारून वहीत लिहून घेतली. वार्षिक पॅकेज नाहीच, पाच तारखेला महिन्याची फी. "आधी कोपऱ्यात बसून दोन बॅच बघा ताई, मग ठरवा." बघितलं तर नवख्यांची जोड जुन्यांशी लागत होती, आणि जुने स्वतःहून खाली पडत होते.

मला पहिल्या संध्याकाळी एकच गोष्ट शिकवली, पडणं. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळवा टेकायचा नाही, नाहीतर मनगट जातं. सबंध हात मॅटवर आपटून धक्का पांगवायचा. मी तासभर पडत होते, मग घरी जाऊन सोफ्यावर पडले.

सासूबाईंना राहवेना. पुढच्या शनिवारी पदर खोचून जिना चढल्या, प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि सरांचे दोन्ही कान चष्मा लावून तपासले. अर्धा तास गप्प होत्या. मग, "अवो सर, ही नुसती डावीकडंच पडतीया. उजवीकडं पाडा की जरा!" सरांनी पाडलं. नंतर ढाक हा कुस्तीतला डाव मारताना कंबर नेमकी कुठं घालायची यावरून दोघांची जुंपली. सर इंग्रजीत काहीतरी म्हणत होते, त्या कोल्हापुरीत, आणि मधे डमी म्हणून मी. चार वेळा पाडल्यावर सरांनी वही काढून काहीतरी लिहून घेतलं.

आता त्यांना दर शनिवारचं कायमचं बोलावणं आहे. खुर्ची ठरलेली, चहा जिमकडून. पाच तारखेला फी मात्र फक्त माझ्याकडून घेतात.