एम.ए.ची वेठ

कला शाखेच्या पदवीधराला काम मिळत नाही, हा समज ज्याने पसरवला तो माणूस ठाण्यात, निदान नौपाड्यातल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेत, कधी राहिलेला नसावा. मी मुंबई विद्यापीठातून मराठी घेऊन एम.ए. झाले त्याला बरीच वर्षे झाली आणि त्यानंतर काम नसलेला एकही आठवडा मला आठवत नाही. टाकी धुण्याची नोटीस, मुंजीच्या पत्रिकेचा मजकूर, तिसरीतल्या मुलाचा ‘माझा आवडता पक्षी’, गणेशोत्सवाच्या अहवालातले आभार, असे सगळे माझ्याकडे येते. येत नाहीत ते फक्त या कामाचे पैसे. आमच्याच इमारतीत एक चार्टर्ड अकाउंटंट राहतात. त्यांना जिन्यात गाठून कोणी आपले प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून मागत नाही. मला मात्र भाजीची पिशवी हातात असताना श्रद्धांजली मागितली जाते.

शिकत असताना याची पूर्वसूचना कोणी दिली नव्हती. ठाण्याहून धीम्या लोकलने कुर्ला, तिथून शेअर रिक्षाने कालिना आणि मग रानडे भवन, असा प्रवास करून आम्ही जे शिकायला जात होतो ते फार उच्च होते. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, हे नाट्यशास्त्रकार भरताचे सूत्र आम्ही पाठ केले आणि त्यावर भट्ट लोल्लटापासून अभिनवगुप्तापर्यंत कोण काय म्हणाले, तेही पुरवण्या जोडून लिहिले. ‘जिन्यात भंगार सामान ठेवू नये’ या वाक्यातून कोणता रस निष्पन्न होतो, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. ज्या न्यायमूर्ती रानड्यांचे नाव त्या इमारतीला आहे ते १८६२ साली या विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. तुकडीतून उत्तीर्ण झाले. त्यांच्या आळीतल्या कोणी त्यांच्याकडे उखाणे मागितल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि मागितले असतील तर त्यांनी ते रमाबाईंकडे पाठवले असतील, असे मानायला जागा आहे.

उखाण्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. समोरच्या काकूंच्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा काकू रात्री साडेनऊला आल्या. “अगं, तुझा तर हा हातचा मळ. दोन ओळी तर लिहायच्यात.” त्या दोन ओळींसाठीच्या अटी मात्र दोनपेक्षा पुष्कळ होत्या: जावयांचे नाव यावे, सासूबाईंचा मान राखला जावा, जुनाट वाटू नये, फार आधुनिकही वाटू नये, आणि मुलगी लग्नानंतर घोडबंदर रोडला राहायला जाणार असल्याने तेही कुठेतरी यावे. यमक जुळवताना मला ज्ञानेश्वरांपासून सर्वांची आठवण झाली. शेवटी मी लिहून दिले:

घोडबंदरच्या कोंडीत तास गेला वाया,
ओंकाररावांचं नाव घेते, पडते सासूबाईंच्या पाया.

काकूंनी ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, “कोंडी नको गं, शुभकार्य आहे.” कोंडी काढल्यावर त्या उखाण्यात वास्तव काहीच उरत नव्हते, परंतु वास्तववादी साहित्याचे महत्त्व काकूंना समजावून देण्याची ती वेळ नव्हती.

सर्वांत कठीण प्रकार म्हणजे नोटीस. ललित लेखनात लेखकाचे स्वातंत्र्य थोडे तरी शिल्लक असते. नोटीस ही समितीची निर्मिती असते. गॅलरीतून कबुतरांना दाणे टाकू नयेत, एवढाच आशय असलेली नोटीस मी तीन स्वच्छ वाक्यांत लिहून दिली. खजिनदारांना ती उद्धट वाटली, म्हणून त्यांनी सुरुवातीला ‘कृपया’ घातले. अध्यक्षांना ती मिळमिळीत वाटली, म्हणून त्यांनी शेवटी ‘सक्त ताकीद’ घातली. कबुतरांना दाणे टाकणाऱ्या मावशी समितीच्याच सदस्य असल्याने त्यांच्या सूचनेवरून ‘काही सभासदांकडून नकळत’ हे शब्द मधोमध आले. सर्व सभासदांना कृपया सक्त ताकीद देणारी ती नोटीस लिफ्टपाशी लागली तेव्हा सेक्रेटरींनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मोठ्या मनाने कळवले की शब्दांकन आमच्या एम.ए. मॅडमचे आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या शिष्यपरंपरेने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये का दडवले, यावर मी विद्यार्थी असताना दहा गुणांचे उत्तर लिहिले होते. आज वीस गुणांचे लिहीन.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा सेक्रेटरी पेढे घेऊन घरी आले. माझे अभिनंदन असे त्यापूर्वी कोणी केले नव्हते, त्यामुळे मीही थोडी हळवी झाले. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला. पाणीकपातीची नोटीस होती. “आता आपली भाषा अभिजात झालीये मॅडम, तेव्हा जरा त्या लेव्हलचं येऊ द्या.”

आमच्या जुन्या वर्गमित्रांचा एक गट आहे आणि आम्ही अधूनमधून तलावपाळीवर भेटतो. तिथे गेल्यावर समजले की ही वेठ केवळ मराठीवाल्यांच्या वाट्याला आलेली नाही. अर्थशास्त्रवाल्याला कोणता शेअर घेऊ विचारतात, मानसशास्त्रवालीला माझ्या मनात आत्ता काय चालले आहे ते ओळख म्हणतात. खरी शोकांतिका ऐरोलीच्या इतिहासवाल्याची आहे. त्याने हौसेने मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, शिकून घेतली. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी गेल्या आणि पुढे त्यांच्या मोबदल्यात मूळ मालकांना साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळू लागले, तेव्हापासून त्या बाजूला जुन्या कागदाला फार मान आहे. आजोबांच्या पेटीत मोडीतला कागद सापडला की तो याच्याकडे येतो. एका कुटुंबाने असाच एक कागद आणला, हळदकुंकू वाहून टेबलावर ठेवला आणि सगळे भाऊ त्याच्या तोंडाकडे पाहत बसले. जमिनीचा त्यात उल्लेखही नव्हता. तो आजीच्या लग्नातल्या आहेराचा हिशेब निघाला आणि त्यात थोरल्या घराण्याकडून आलेला आहेर धाकट्यांपेक्षा निम्मा होता. भाऊबंदांत तेव्हापासून बोलणे नाही आणि दोन्ही बाजूंचे एकमत एवढ्यावरच आहे की वाचणाऱ्याला मोडी नीट येत नसावी.

त्या संध्याकाळी भेळ खाताना आम्ही ठराव केला, की यापुढे अशा कामांचा दर आकारायचा. त्याला शास्त्राधारही होता. अकराव्या शतकात मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत आणि त्यांत यशानंतर लगेच, दुसऱ्याच क्रमांकावर, अर्थप्राप्ती आहे. काश्मिरातल्या त्या पंडिताला जे समजले ते नौपाड्यात मांडायला आम्ही का लाजावे? नोटिशीला अमुक, मानपत्राला तमुक, श्रद्धांजलीला मात्र काही घेऊ नये, असे ठरले. श्रद्धांजलीत खरे कष्ट ‘शोकाकुल’ या सदराखाली जावयांचा क्रम लावण्याचे असतात, पण तिथे पैसे मागायला जीभ रेटत नाही.

पुढच्याच आठवड्यात सेक्रेटरी आले. पुनर्विकासाच्या विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस, म्हणजे मोठे काम. मी घसा साफ करून दर सांगितला. ते रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी मान डोलावली.

“काहीच हरकत नाही मॅडम. मेहनतीचे पैसे घ्यायलाच हवेत. फक्त सोसायटीच्या पैशातून द्यायचे म्हटल्यावर तीन कोटेशनं लागतील. ऑडिटर विचारतो.”

शब्दांकनाचे कोटेशन देणारे आणखी दोघे सेक्रेटरींना कुठून ठाऊक असणार? तेव्हा तेही मीच मिळवून द्यावेत, असे ठरले. मी डोंबिवलीच्या मैत्रिणीला आणि वाशीच्या एका वर्गमित्राला फोन केला आणि माझ्यापेक्षा थोडा जास्त दर टाका, असे दोघांनाही बजावले. मैत्रिणीने तसे केले. वाशीच्या मित्राचे मेहुणे नेमके आमच्याच इमारतीत फ्लॅट पाहत होते आणि समितीशी संबंध चांगले ठेवणे त्याला भाग होते. त्याने सुंदर लेटरहेडवर ‘विनामूल्य’ असे लिहून पाठवले.

समितीने नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराचे कोटेशन एकमताने मंजूर केले. त्याच रात्री वाशीहून फोन आला.

“अगं, तुमच्या सोसायटीचं ते काम मलाच मिळालं बघ. पण सध्या पेपर तपासणी चालू आहे, मान वर करायला वेळ नाही. तू जरा कच्चा मसुदा करून देशील का? इमारत तुझीच आहे, तुला सगळं माहीत आहे.”

मसुदा मी बुधवारी पाठवला. त्याने त्यात ‘कृपया’ घातले.