मिकोनोस, टॉवेल आणि दोन-तीनशे युरोंची आवई

"मिकोनोसला समुद्रात पाय बुडवायचा तर माणशी दिवसाला दोन-तीनशे युरो मोजा. किनारे क्लबांनी वाटून घेतलेत, टॅक्सीशिवाय पोचता येत नाही, जेवलात तर बिल बघून घेरी येईल." ग्रीसच्या मिकोनोस बेटाबद्दल अशा आशयाचा मजकूर दर उन्हाळ्यात एखाद्या बिलाच्या फोटोसकट फिरतो. बिल बहुतेक वेळा खरंच असतं. गडबड असते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

"किनारे क्लबांच्या मालकीचे आहेत."

नाहीत. ग्रीसमध्ये समुद्रकाठ सार्वजनिक आहे. क्लब किंवा हॉटेल वाळूचा एक मोजलेला तुकडा सरकारकडून भाड्याने घेतं आणि त्यावर खाटा-छत्र्या मांडतं, एवढंच. या खाटा पसरत पसरत पाण्यापर्यंत गेल्या, तेव्हा २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे लोक टॉवेल घेऊन रस्त्यावर उतरले. त्या 'टॉवेल चळवळी'नंतर २०२४ मध्ये ५०९२ क्रमांकाचा कायदा आला. पाण्यापासून ४ मीटरच्या आत खाट लावायची नाही, किनाऱ्याचा निदान निम्मा भाग मोकळा ठेवायचा, संरक्षित किनाऱ्यांवर ७० टक्के. कुणी मोडलं तर 'मायकोस्ट' ॲपवर तक्रार करता येते.

कागदावरची निम्मी वाळू जागेवर निम्मी दिसेलच असं नाही, हेही खरं. प्लाटिस यालोस या किनाऱ्याची वाळू मुळात अरुंद. ऑगस्टमध्ये टॉवेलवाल्यांच्या वाट्याला दोन्ही टोकांची खडकाळ जागा येते. म्हणून किनारा निवडताना डोकं वापरावं. उत्तरेच्या आयोस सोस्तिसला खाटाच नाहीत. पण सावलीही नाही आणि बसही जात नाही. तिथे सकाळी लवकर किंवा चारनंतर जावं, माणशी दीड लिटर पाणी सोबत ठेवावं. कलाफातिसला पाण्याकाठी झावाची झाडं आहेत, म्हणजे फुकटची सावली. बंदराजवळचं आयोस स्टेफानोस दिसायला साधं, पण बसने सोपं.

"खाटेचेच शंभर युरो."

प्सारू या किनाऱ्यावर पहिल्या रांगेत बसणार असाल तर त्याहूनही जास्त. इथे वाद नाही. पण रांग मागे गेली की दर उतरतो, आणि किनारा बदलला की आणखी उतरतो. आपल्या लोकांची फसगत वेगळ्या कारणाने होते. गोव्याच्या शॅकवर जेवण मागवलं की खाट बहुधा फुकट मिळते. इथे खाटेचे पैसे वेगळे आणि खाण्याचे वेगळे. काही ठिकाणी वर किमान खर्चाची अटही. बसण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: दर जोडीचा की एकाचा, छत्री आणि टॉवेल धरून का, आणि किमान ऑर्डर आहे का. प्सारू नुसतं बघायचं असेल तर प्लाटिस यालोसहून पाच-सात मिनिटं चालत जा. बघण्याला तिकीट नाही.

"टॅक्सीशिवाय पोचता येत नाही."

हा मुद्दा सगळ्यात तकलादू, आणि पैसे सगळ्यात जास्त इथेच वाचतात. बेटावर टॅक्सी मोजक्या आहेत, त्यामुळे खासगी गाड्यांचे भाव चढतात. पण होरा म्हणजे मुख्य गावातून केटेल या बससेवेच्या बस सुटतात. फाब्रिका चौकातून ओर्नोस, प्लाटिस यालोस, परागा, पॅरडाइज. जुन्या बंदराजवळच्या थांब्यावरून आयोस स्टेफानोस, एलिया, कलाफातिस. तिकीट दोन-तीन युरोंच्या आसपास. थांबा चुकीचा धरला की अर्धा तास जातो, कारण दोन्ही थांबे गावाच्या दोन टोकांना आहेत. परतताना संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान गाड्या भरून येतात आणि मधल्या थांब्यावर थांबत नाहीत; किनाऱ्यावरच्या शेवटच्या थांब्यावरूनच चढावं.

प्लाटिस यालोसला उतरलात की पुढे पायवाट आहे. परागा दहा-पंधरा मिनिटं, तिथून पॅरडाइज तेवढंच. चप्पल नको, बूट हवेत. हंगामात प्लाटिस यालोसहून लहान होड्या सुपर पॅरडाइज, आग्रारी, एलियापर्यंत सोडतात.

स्कूटर घेणार असाल तर भारतीय लायसन्ससोबत आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, आणि त्यावर दुचाकीची नोंद हवी. नुसत्या चारचाकी लायसन्सवर स्कूटर चालवली आणि पडलात, तर विमा हात वर करतो.

फिरत्या मजकुरात वाऱ्याचं नाव कधीच नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्टेमी दिवसचे दिवस घोंघावतो. त्या दिवशी आयोस सोस्तिस, पानोर्मोस, फोकोस या उत्तरेच्या किनाऱ्यांवर वाळू अंगाला टोचते, आणि स्वतःची छत्री नेली असली तर ती धरून बसावं लागतं. दक्षिणेचे किनारे त्याच वेळी बरेच शांत असतात. कलाफातिस मात्र अपवाद. तिथे वारा पोचतो, म्हणून तर विंडसर्फिंगवाले तिथे जमतात. सकाळी वारा बघून मग बसचा थांबा ठरवावा.

"एका जेवणाचं बिल शेकड्यांत."

असे फोटो बहुतेक किनाऱ्यावरच्या बिलांचे, आणि त्यात मासा किंवा लॉबस्टर असतो. ग्रीसमध्ये ताज्या माशाचा दर मेनूत किलोवर लिहितात. लोक तो प्लेटचा समजतात. मासा समोर वजन करून घ्या आणि रक्कम विचारा. छापील पावती दिली नाही तर ग्राहक पैसे द्यायला बांधील नाही, हेही मेनूवरच लिहिलेलं असतं. बाकी बेकरीतली तिरोपिता (चीज भरलेली पेस्ट्री), पिटा ब्रेडमध्ये गुंडाळलेला गायरोस (भाजलेल्या मांसाचे काप), सुपरमार्केटची फळं यावर दिवस निघतो. शाकाहारींनी 'निस्तीसिमो' विचारावं: ग्रीक उपवासाचा पदार्थ, मांस-दूध नसलेला. पण त्यात कोळंबी, ऑक्टोपस चालतात, तेवढं तपासा. बस, खाणं, पाणी धरून खाटेविना दिवस माणशी ४०-५० युरोंत बसतो.

"राहणंच परवडत नाही."

ऑगस्टपुरतं मान्य. तेव्हा मिकोनोसचा हट्ट सोडून जवळच्या तिनोस बेटावर राहावं. मोठ्या बोटीने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर, खोल्या बऱ्याच स्वस्त. फक्त १५ ऑगस्टच्या आसपास नको, तेव्हा तिथे मरियमच्या यात्रेला सगळा ग्रीस लोटतो. सप्टेंबरच्या मध्यापासून मिकोनोसचेही दर उतरतात, आणि समुद्र जवळपास ऑगस्टइतकाच उबदार असतो. खोलीच्या दराशिवाय दर रात्रीचा सरकारी हवामान-कर वेगळा लागतो. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकित हॉटेलला खोलीमागे ५ युरो, चार तारांकितला १०, अल्पमुदतीच्या फ्लॅटला ८.

अथेन्सच्या पिरेउस बंदरातून साधी बोट पाच-साडेपाच तास घेते, तिकीट पन्नास युरोंच्या आसपास. वेगवान बोट निम्म्या वेळात, जवळपास दुप्पट भाड्यात. उतरण्याचं बंदर टूर्लोस, गावापासून सुमारे २ किलोमीटर. तिथून जुन्या बंदराला सीबस, म्हणजे लहान प्रवासी बोट, मिळते. मेल्टेमी फार वाढला की बोटींना निघायला बंदी होते, आणि वेगवान बोटी आधी रद्द होतात. म्हणून मुंबईच्या विमानाआधीची रात्र बेटावर नाही, अथेन्समध्ये काढावी.