सरोगसीवरचा तो व्हायरल मेसेज आणि त्यातल्या एकेका दाव्याला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हणे, सरोगसी (जोडप्याचं बाळ दुसऱ्या बाईने पोटात वाढवणं) म्हणजे श्रीमंत बायकांनी फिगर बिघडू नये म्हणून काढलेली पळवाट, पंधरा-वीस लाख टाकले की नऊ महिन्यांत बाळ हातात, गरीब बाई हवं तितक्यांदा पोट भाड्याने देते, बाळात रक्त तिचंच उतरतं, आणि उद्या तिने बाळ मागितलं तर आईबापांना काही करता येत नाही. माझ्या मावसबहिणीला जन्मतःच गर्भाशय नाहीये, आणि हा मेसेज नेमका तिच्या सासरच्या ग्रुपवर आला. म्हणून लिहायला बसले.

आधी फिगरचं. भारतात सरोगसीचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात हौस म्हणून सरोगसी करताच येत नाही, वैद्यकीय कारण लागतं आणि तेही तुमच्या नेहमीच्या डॉक्टरने लिहून दिलेलं चालत नाही, जिल्हा वैद्यकीय मंडळाचं सर्टिफिकेट लागतं. कारणं कुठली, तर गर्भाशय नसणं किंवा काढून टाकलेलं असणं, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) पुन्हा पुन्हा करूनही दिवस न राहणं, कारण न कळता सतत गर्भपात होणं, किंवा गरोदरपणात जिवालाच धोका होईल असा आजार. माझ्या बहिणीसारखं गर्भाशयाशिवाय जन्मणं हे साधारण पाच हजार मुलींमागे एकीला असतं, ओव्हरी नॉर्मल, वयात आल्याच्या सगळ्या खुणा दिसतात, फक्त पाळी येत नाही म्हणून सोनोग्राफी केली की कळतं. शिवाय आपल्याकडे पिशवीच्या टीबीने आतलं अस्तर खराब झालेल्या बायका कितीतरी आहेत. बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून पिशवी काढली आणि बाळही गेलं, अशाही आहेत. यांना फिगरची काळजी आहे असं म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्यासमोर बसून म्हणून दाखवावं. मेसेजमध्ये हिरो-हिरॉइनींची उदाहरणं दिलीत, त्यातली बरीचशी कायदा यायच्या आधीची नाहीतर परदेशातली आहेत.

आता पैशांचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो. पैसे देऊन सरोगसी आज भारतात गुन्हा आहे. सरोगेटचा, म्हणजे बाळ पोटात वाढवणाऱ्या बाईचा, औषधपाण्याचा खर्च, तिचा ३६ महिन्यांचा आरोग्य विमा आणि नियमात बसणारे इतर खर्च जोडप्याने करायचे, त्यापलीकडे मोबदला म्हणून काही द्यायचं नाही. दिला तर शिक्षा फक्त दवाखान्याला किंवा एजंटला होते असं नाही, जोडप्यालाही पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'एवढ्या लाखांत बाळ' हे वाचून वाचून लोकांना ते नॉर्मल वाटायला लागतं, मग कुणीतरी पॅकेज घेऊन येतो आणि वर्षानुवर्षं थकलेलं जोडपं हो म्हणतं. २०२५ च्या जुलैमध्ये हैदराबादला जे प्रकरण बाहेर आलं ते असंच. सरोगसीचं म्हणून बाळ दिलं, आईबापांनी डीएनए टेस्ट केली तर जुळेचना, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते बाळ गरीब आईबापांकडून विकत आणलेलं होतं. लाखो रुपये गेले ते वेगळेच, पण त्या दोघांनी बाळाला आपलं म्हणून घरी नेलं होतं हो.

गरीब बाई हवं तितक्यांदा, हे पूर्वी काही प्रमाणात खरं होतं. गुजरातमधलं आणंद त्यासाठी जगभर माहीत झालं होतं, परदेशी जोडपी यायची, आणि त्यात बायकांची पिळवणूक होते ही टीका खोटी नव्हती. आज मात्र बाई २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी आणि आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते. तिच्या गर्भाशयात गर्भ सोडण्याआधी कधीही ती नाही म्हणू शकते, आणि नंतर गर्भपात कर म्हणून तिच्यावर कुणी जबरदस्ती करू शकत नाही. ती जवळची नातेवाईकच हवी असंही खूप जण सांगतात, ते आधीच्या विधेयकात होतं, कायद्यात ती अट राहिली नाही.

रक्ताचं तर सोपंय. सरोगेटचं स्वतःचं बीज वापरायला कायद्याने बंदी आहे. बायकोला रोज इंजेक्शनं देऊन बीजं वाढवतात, ती काढून लॅबमध्ये नवऱ्याच्या शुक्राणूंशी मिळवतात आणि तयार झालेला गर्भ सरोगेटच्या गर्भाशयात सोडतात. वारेतून बाळाला ऑक्सिजन आणि पोषण मिळतं, पण दोघांचं रक्त थेट मिसळत नाही. रंगरूप, ब्लड ग्रुप सगळं बीज आणि शुक्राणूवरून ठरतं. बायकोची बीजंच बनत नसली तर? २०२३ च्या मार्चमध्ये सरकारने डोनर, म्हणजे बाहेरच्या कुणाचं बीज किंवा शुक्राणू वापरणं, पूर्ण बंद केलं होतं, एक बाई सुप्रीम कोर्टात गेली, तिला दिलासा मिळाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमच बदलला. आता वैद्यकीय मंडळाने मान्य केलं तर एक बाजू डोनरची चालते, दुसरी मात्र जोडप्याचीच हवी.

आणि बाळ परत मागण्याची भीती, तर प्रोसिजरच्या आधीच मॅजिस्ट्रेटकडून पालकत्वाची ऑर्डर घ्यावी लागते. बाळ कायद्याने त्या जोडप्याचंच. उलट जोडप्यालाच पळता येत नाही, मुलगी झाली, व्यंग निघालं, तरी बाळ सोडता येत नाही.

मेसेजवाल्यांना खरंच या कायद्यावर बोलायचं असेल तर बोलायला खूप काही आहे. विधवा किंवा घटस्फोटित बाईला ३५ ते ४५ वयात परवानगी आहे, पण लग्नच न केलेल्या बाईला नाही, एकट्या पुरुषाला नाही, समलिंगी जोडप्यांना नाही. एक धडधाकट मूल असेल तर दुसऱ्यासाठीही नाही. आणि एका बाईने नऊ महिने पोटात बाळ वाढवायचं, कामावरची रजा, घरातली ओढाताण, बाळंतपणाचा धोका सगळं सोसायचं आणि मोबदला शून्य, हे मला तरी न्याय्य वाटत नाही. त्यामुळेच सरोगेट मिळणं हा आज सगळ्यात अवघड भाग झालाय, आमची बहीणही तिथेच अडकलीय.

कुणाला खरंच गरज असेल तर आधी दवाखान्यात सरोगसीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट बघा, ते दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे. नसेल, किंवा पहिल्याच भेटीत कुणी पॅकेजचा आकडा सांगितला, तर तिथून उठून या.