साइनफेल्डचा पैसा कॅलेंडरवरच्या फुलीतून आला नाही

गेल्या आठवड्यात एकच मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपवर आला. एकदा शाळेच्या, एकदा सोसायटीच्या आणि एकदा चक्क मालिका लिहिणाऱ्यांच्या. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेचा स्टँड-अप कॉमेडियन जेरी साइनफेल्ड रोज विनोद लिहायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल फुली मारायचा. या शिस्तीमुळे टीव्हीने त्याला एका एपिसोडचे १० लाख डॉलर दिले आणि तो अब्जाधीश झाला. ऐन भरात ११ कोटी डॉलरची ऑफरही त्याने नाकारली, कारण त्याला पैशाचा मोह नव्हता. तुमच्यात कला असेल तर पैसा आपोआप मागे येतो. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

पहिल्या दोन ग्रुपवर गप्प बसलो. तिसऱ्यावर राहवलं नाही.

फुलीचं आधी उरकून टाकतो. २०१४ साली रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर लोकांनी खुद्द साइनफेल्डला याबद्दल विचारलं, तेव्हा ही कल्पना आपली नाहीच, उगाच आपल्या नावावर खपवली जाते, असं त्याने सांगून टाकलं. तो नेमाने लिहितो हे खरं. कॅलेंडर मात्र दुसऱ्याच कुणाचं.

आता ते १० लाख. आकडा खरा आहे, पण तो त्याच्याच नावाच्या 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेच्या नवव्या म्हणजे शेवटच्या सीझनचा, १९९७-९८चा. मालिकेचे एपिसोड १८०. आपण उदार होऊ आणि पहिल्या एपिसोडपासून प्रत्येकाचे १० लाख त्याच्या खिशात घालू. झाले १८ कोटी डॉलर. अब्ज म्हणजे १०० कोटी. टॅक्स, एजंट, मॅनेजर यांना एक छदामही दिला नाही असं धरलं तरी पाचव्या हिश्शापर्यंत गाडी पोचत नाही. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये त्याला अब्जाधीशांत धरलं, ते या मानधनावर नव्हे. त्या हिशोबात सगळ्यात मोठा वाटा होता सिंडिकेशनचा, म्हणजे साध्या भाषेत रिपीटचा.

इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळी मेख इथेच आहे. अमेरिकेत तेव्हा नेटवर्क, म्हणजे देशभर दिसणारं मोठं चॅनेल, मालिका विकत घेत नसे, ठरावीक वेळा दाखवायचा हक्क घेत असे. त्यासाठी दिलेल्या पैशात निर्मितीचा खर्चही बऱ्याचदा भागत नसे. निर्माता तोटा सोसून मालिका चालवायचा, आणि शंभरेक एपिसोड जमले की तोच साठा देशभरच्या स्थानिक टीव्ही स्टेशनांना विकायचा. स्टेशनं तो रोज संध्याकाळी, आठवड्याचे पाच दिवस लावत. खरी कमाई तिथे. आणि १९७० च्या सुमाराला सरकारी नियमच असा झाला होता की या विक्रीत तीन मोठ्या नेटवर्कांनी हात घालायचा नाही. हा नियम १९९० च्या दशकात उठला, पण 'साइनफेल्ड' त्याआधीच सुरू झाली होती. मालिका दाखवली एनबीसी या नेटवर्कने, मालकी कॅसल रॉक या निर्मिती कंपनीची. आणि नफ्यात वाटा होता तो मालिका जन्माला घालणाऱ्या दोघांचा, जेरी साइनफेल्ड आणि लॅरी डेव्हिडचा.

१९९५ पासून मालिका स्टेशनांवर रोज लागायला लागली. पुढे डीव्हीडी आल्या, मग हुलू हे स्ट्रीमिंग, मग २०२१ पासून नेटफ्लिक्स. दर वेळी तेच १८० एपिसोड नव्याने विकले गेले. एक नवा विनोद न लिहिता.

हे कळलं की ११ कोटींच्या त्यागाचाही रंग जरा उतरतो. दहाव्या सीझनसाठी एनबीसी एपिसोडला ५० लाख द्यायला तयार होती आणि त्याने नाही म्हटलं, हे खरं. टाळ्या चालू असताना स्टेज सोडायचं, ही कॉमेडियनची उपजत समज त्यामागे होती, असं तो सांगतो आणि मला ते पटतं. शिवाय १९९६ मध्ये लॅरी डेव्हिड बाहेर पडल्यावर शेवटची दोन वर्षं मालिकेचा गाडा यानेच ओढला होता. माणूस दमला असेल. पण ज्याच्या घरी रिपीटचा पैसा येतच राहणार आहे त्याने नाही म्हणणं आणि पुढच्या महिन्याचा ईएमआय डोक्यावर असलेल्याने नाही म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राहिलं ते 'आपोआप'. १९८० मध्ये एका मालिकेत त्याला छोटं काम मिळालं होतं. तीन एपिसोड झाले, आणि एक दिवस वाचनाला गेला तर त्याच्यासाठी स्क्रिप्टच नाही. काढून टाकलंय, हे त्याला तिथे कळलं. १९८९ मध्ये स्वतःच्या मालिकेचा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला एपिसोड, प्रेक्षकांना दाखवला, तर अहवालात शेरा पडला 'कमकुवत'. नेटवर्कच्या रिक लुडविन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या विशेष कार्यक्रमांच्या बजेटमधून पैसे वळवून चारच एपिसोडची ऑर्डर दिली, म्हणून गाडं पुढे सरकलं.

आणि कला म्हणाल तर मालिकेत त्याच्यासोबत काम करणारे जेसन अलेक्झांडर, ज्युलिया लुई-ड्रायफस आणि मायकल रिचर्ड्स यांच्यात ती कमी होती का? मालिका पाहिलेल्या कुणालाही विचारा, हे तिघे नटच सरस होते. साइनफेल्डला तर अभिनय फारसा येत नाही, हा विनोद त्याने स्वतःवरच केलेला आहे. शेवटच्या सीझनला तिघांनाही एपिसोडमागे ६ लाख मिळाले, ती रक्कम लहान नाही. पण नफ्यातला वाटा नाही. रिपीटचं त्यांना मिळालं ते युनियनच्या करारात ठरलेल्या दराने, जे दर वेळी कमी होत जातं. सेट तोच, हशा तोच, करारातलं एक कलम वेगळं.

आपल्याकडे तर तेही दूरच. इथे मालिका असो की कॉमेडी शो, साधारणपणे हक्क चॅनेलचे, कलाकार पर डे किंवा एपिसोडच्या रेटवर, पेमेंट नव्वद दिवसांनी. २०१२ च्या कायदादुरुस्तीने लेखकांना रॉयल्टीचा हक्क दिला, पण कागदावरून खात्यात यायला त्याला अजून बराच रस्ता कापायचाय. माझा एक मित्र काही वर्षांपूर्वी एका कॉमेडी शोमध्ये होता. त्याची स्किटं आजही दुपारी लागतात. लागली की गावाहून त्याच्या आईचा फोन येतो, "अरे, तुझं परत लागलंय. पैसे आले ना?"

"येतील गं," म्हणतो तो.