‘घरबसल्या डॉक्टरकी’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

कुत्र्याच्या रक्ततपासणीत एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीत बघतात ती एन्झाइम्स) यांच्याबरोबर सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) पहिल्याच दिवशी मागा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकांनी लिहिलंय: “कुत्र्याचा एसजीओटी, एसजीपीटी वाढला म्हणजे लिव्हर, हे पशुवैद्यांना कळतं. सीपीके तर साध्या इंजेक्शननेही वाढतो. शिवाय प्रत्येक लॅबची रेंज वेगळी. घरबसल्या डॉक्टरकी करून लोकांना घाबरवू नका.”

एक मान्य. स्नायूत इंजेक्शन दिल्यावर सीपीके वाढतो. म्हणून रक्त आधी काढायचं, इंजेक्शन नंतर.

पण ‘घरबसल्या’? साहेब, आपण मला ओळखत नाही. मखमलाबादच्या मळ्यात वडिलांच्या काळापासून आमच्या दारात कुत्री आहेत. ऐन मे महिन्यात आमचा कारवानी जातीचा कुत्रा सशामागे सुटला आणि भर उन्हात रानभर पळत राहिला. संध्याकाळी मागचे पाय ताठ, ओट्याची पायरी चढेना, हात लावला की कण्हायचा. लघवी कोऱ्या चहासारखी. रिपोर्टमध्ये एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही चढलेले, काविळीत वाढतं ते बिलिरुबिन मात्र नॉर्मल. तरी ‘कावीळ’ म्हणून लिव्हरचं टॉनिक हातात ठेवलं. सीपीके सांगितलाच नव्हता. हट्ट धरून करून घेतला, तर कितीतरी पट निघाला. मग कुठे सलाईन सुरू झालं. स्नायू फुटले की त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं, लघवीचा तो रंग त्याचाच, आणि त्यानेच किडनी जाते. ती रात्र मी त्याच्या उशाशी काढली आहे. तुम्ही कुठल्या अनुभवावर बोलताय, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच दिसत नाही.

एसजीओटी लिव्हरमध्ये असतो तसा स्नायूतही असतो. स्नायूंचं नुकसान मोठं असेल तर एसजीपीटीही चढतो. सीपीके काही तासांत वर जातो आणि इजा थांबली की एक-दोन दिवसांत झपाट्याने उतरतो. एसजीओटी त्याच्यामागून सावकाश उतरतो, कुत्र्यात एसजीपीटी त्याहूनही रेंगाळतो. उशिरा रक्त काढलं तर सीपीके खाली आलेला, हे दोघे अजून वरच, आणि आळ बिचाऱ्या लिव्हरवर. म्हणून सीपीके पहिल्याच दिवशी मागा, एवढंच मी लिहिलं होतं. डॉक्टरांकडे जाऊ नका, असं एका ओळीत तरी दाखवा.

लॅबच्या रेंजचं म्हणाल तर ती रिपोर्टवर छापलेलीच असते, त्यावर वेळ घालवत नाही. यापुढे लेख पूर्ण वाचून लिहा, आणि खाली स्वतःचं नाव घाला.