कंपनीचं इंजिन आहे, म्हणून?

अमरावतीजवळ बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण अकादमी येणार म्हटल्यापासून आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. छोट्या विमानाचं इंजिन कंपनीतून नवंकोरं आलं की २००० तास बघायचं काम नाही, बिघडतं ते मिस्त्री हात लावतो म्हणून, कमी उडालेलं विमान सगळ्यात भरवशाचं, आणि इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली. त्यावर एकाचं उत्तर: "कंपनीचं हाय ना गा, त्याले काय होते?" मी नागपुरात बरीच वर्षं याच इंजिनांवर हात काळे केलेत, म्हणून राहवलं नाही.

आधी ते २००० तास. छोट्या विमानांची इंजिनं बनवणाऱ्या लायकॉमिंग कंपनीच्या बऱ्याच इंजिनांना ही मुदत दिलेली असते, पण ती गॅरंटी नव्हे. एवढे तास झाले की इंजिन पूर्ण खोलून नव्यानं बांधा, एवढाच तिचा अर्थ. सोबत १२ वर्षांचीही मर्यादा असते. ती मेसेजवाल्यानं सोयीस्कर गाळली.

मिस्त्रीचं म्हणाल तर तो चुकतोच कधी कधी; सिलिंडर बसवताना बोल्ट कमी-जास्त आवळले की घात होतो. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये काय झालं ते बघा. कॉन्टिनेंटल या दुसऱ्या इंजिन कंपनीनंच कळवलं की क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) काउंटरवेटना, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या वजनांना, धरून ठेवणाऱ्या सर्कलिपा (छोट्या कड्या) काही इंजिनांत कारखान्यातच नीट बसलेल्या नसाव्यात. १ जून २०२१ ते ७ फेब्रुवारी २०२३ या काळात कारखान्यातून निघालेली इंजिनं संशयात आली. ही इंजिनं लावणाऱ्या सिरस या विमान कंपनीनं तर आपली स्वतःची अशी विमानं उडवणं थांबवलं. आणि गंमत बघा, ज्या इंजिनांचे २०० तास झाले होते त्यांना तपासणीतून सूट मिळाली. सर्कलिप सुटायची असती तर तोवर सुटली असती, हा त्यामागचा हिशोब. म्हणजे संशय जास्त होता तो नव्याकोऱ्यावर!

हे एकदाच झालं असंही नाही. १९७७ मध्ये सेस्ना १७२ या छोट्या विमानाला लायकॉमिंगचं ओ-३२० चं नवं मॉडेल लावलं. त्याचे कॅम आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) झिजण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की १९८१ च्या मॉडेलला वेगळं इंजिन द्यावं लागलं. २००२ पासून पुढं काही वर्षं लायकॉमिंगनं क्रँकशाफ्ट परत मागवले. यात कोणत्या मिस्त्रीचा हात होता?

कमी उडालेलं विमान भरवशाचं, हे वाचून मात्र मला हसूच आलं. विहिरीवरचं ऑइल इंजिन चार महिने झाकून ठेवा आणि मग हँडल मारून बघा. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम असलेला दांडा, क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन उभं राहिलं की त्यावरचं तेल हळूहळू निथळतं, आणि आपल्या पावसाळ्यातली दमट हवा उघड्या लोखंडाला लागते. बारीक गंज धरतो. पुढं तोच गंज टॅपेट खातो. अशाच एका पावसाळाभर उभ्या विमानाचा ऑइल फिल्टर मी कापला होता. आतला कागद ट्रेमध्ये पसरून उन्हात धरला तर घड्यांमध्ये चकाकी. लोहचुंबक फिरवला, तर मिशा फुटल्यासारखा झिजलेल्या लोखंडाचा कीस उभा राहिला. मीटरवर तास विचाराल तर ३०० सुद्धा नव्हते.

दगडासारखं पडण्याचं काय? सेस्ना १७२ इंजिन बंद पडल्यावर शांत हवेत हजार मीटर उंचीवरून साधारण ९ किलोमीटर तरंगत जातं. वैमानिकाला चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात त्यानं उभी कपाशी टाळून सोयाबीन काढलेलं एखादं लांब वावर हेरायचं असतं.